साकाईची काच का चुकली: मोठ्या एलसीडी पॅनेलची पार्श्वभूमी

एलसीडीतल्या द्रवस्फटिकांचा शोध १८८८ चा, आणि खिशातल्या कॅल्क्युलेटरवर त्यांचे आकडे उमटले ते १९७३ मध्ये. टीव्हीपुरतं बोलायचं तर सुरुवात जानेवारी २००४ पासून धरलेली बरी. जपानच्या मिए प्रांतात कामेयामा इथे एकाच आवारात पॅनेल आणि पूर्ण टीव्ही बनवणारा शार्प कंपनीचा कारखाना तेव्हा सुरू झाला. तिथली काच, म्हणजे जिच्यातून अनेक पॅनेलं कापतात तो मोठा ताव, १५०० बाय १८०० मिलिमीटरची, म्हणजे सहाव्या पिढीची; पिढी जितकी पुढची तितकी काच मोठी. २००६ मध्ये त्याच्याच जोडीला आठव्या पिढीचा दुसरा कारखाना आला.

वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल. जुलै २००७ मध्ये त्याच कंपनीने ओसाकाजवळच्या साकाईत, पोलाद कारखान्याच्या जुन्या जागेवर, दहाव्या पिढीचा प्रकल्प जाहीर केला. अंदाजे खर्च ३८० अब्ज येन. काच २८८० बाय ३१३० मिलिमीटर, जाडी जेमतेम ०.७. एवढी नाजूक काच लांबून वाहून आणण्यापेक्षा काचवाले आणि कलर फिल्टरवाले पुरवठादारच आवारात आणून बसवले.

ऑक्टोबर २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं तोवर जग मंदीत होतं. जुलै २०११ मध्ये जपानच्या बहुतेक भागातलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबलं, टीव्ही बदलायची घाई सरली आणि मागणी कोसळली. २००७ मध्ये एका डॉलरला १२० च्या आसपास असलेला येन ८० च्या खाली आला, म्हणजे महाग झाला. २०१२ मध्ये कारखान्याचा जवळपास निम्मा हिस्सा एका तैवानी उद्योजकाकडे गेला. बहुतेक विश्लेषणं इथेच थांबतात: मंदी, महाग येन, अति धाडस.

मला मात्र काचेचं माप जास्त महत्त्वाचं वाटतं. साकाईच्या एका काचेतून ६० इंची आठ किंवा ७० इंची सहा पॅनेलं निघत, आणि दोन्ही वेळा काच चांगली वापरली जाई. पण बाजार स्थिरावला ५५, ६५ आणि ७५ इंचांवर. ६५ इंची पॅनेलं त्याच काचेतून सहाच बसतात आणि जवळजवळ पाव काच वाया जाते. कोरियन स्पर्धक २२०० बाय २५०० वरच थांबले. त्यांना ५५ इंची सहा मिळत होती, तीही फारशी नासाडी न होता. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये चीनच्या हफेइमध्ये २९४० बाय ३३७० ची काच आली. एका बाजूला ६० मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला २४० मिलिमीटर जास्त, आणि ६५ इंची पॅनेलं सहाऐवजी आठ! मोठ्या काचेची कल्पना बरोबरच होती, ती चुकीच्या इंचांवर बेतली गेली.

या अपयशाच्या गोष्टीत साकाईचं एक खरं यश झाकलं जातं. एलसीडीत बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा, फार थोडा प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचतो, बाकीचा पोलरायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारा पापुद्रा), कलर फिल्टर आणि पिक्सेलमधले आडोसे खातात. द्रवस्फटिकांचे रेणू ठरावीक दिशांना झुकावेत म्हणून पूर्वी प्रत्येक पिक्सेलमध्ये बारीक उंचवटे आणि चिरा ठेवाव्या लागत. त्या प्रकाश अडवत, शिवाय काळ्या दृश्यात थोडा उजेड गळू देत. २००९ मध्ये त्यांच्या जागी एक खास थर आला. त्यावर तिरपे अतिनील किरण टाकले की रेणूंचा कल तिथेच ठरतो. उंचवटे गेले, चिरा गेल्या, पिक्सेलमधून प्रकाश जायची वाट वीसेक टक्क्यांनी मोठी झाली. तेवढ्याच उजेडाला बॅकलाइट कमी लागू लागला. त्याच सुमारास बॅकलाइटमधल्या पाऱ्याच्या नळ्या जाऊन एलईडी आले. वीज वाचवण्याचं सगळं श्रेय एलईडीला दिलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं.

२०२२ मध्ये कोरियातल्या एका मोठ्या उत्पादकाने एलसीडी सोडलं. साकाईत टीव्हीच्या पॅनेलचं उत्पादन ऑगस्ट २०२४ मध्ये थांबलं. त्या आवारात आता एआयच्या डेटा सेंटरचं काम आहे. मोठ्या एलसीडी पॅनेलचं बहुतांश उत्पादन चीनमध्ये गेलं आहे, आणि आपल्याकडे जुळणी होणाऱ्या टीव्हींची ओपन सेल, म्हणजे बॅकलाइट न जोडलेलं पॅनेल, अजूनही आयातच होते.