पब्लिक हिस्टरी की हेरिटेज? परदेशी अर्ज भरण्याआधी हा फरक समजून घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची इतिहासात पदवी घेतलेली मुलं परदेशी अर्जाला बसली की यादीत दोन नावं हमखास शेजारी येतात: एम.ए. पब्लिक हिस्टरी (लोकांमध्ये इतिहास कसा सांगितला आणि आठवला जातो, त्याचा अभ्यास) आणि एम.ए. कल्चरल हेरिटेज (वारसा जपायचा कसा, त्याचा अभ्यास). दुसऱ्याचं नाव कुठे ‘हेरिटेज स्टडीज’ असतं, कुठे ‘हेरिटेज मॅनेजमेंट’. दोन्हीकडे संग्रहालयं, दोन्हीकडे इंटर्नशिप, माहितीपत्रकातले फोटोसुद्धा सारखेच. मग अर्जासोबतचं एकच निवेदन (स्टेटमेंट ऑफ पर्पज), कोर्सचं नाव तेवढं बदलून, दोन्हीकडे जातं. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात पब्लिक हिस्टरी इतिहास विभागात आहे आणि कल्चरल हेरिटेज मॅनेजमेंट पुरातत्त्व विभागात. अर्ज वाचणारी माणसं वेगळी, त्यांना हवं असलेलंही वेगळं. सरधोपट निवेदन दोघांनाही अर्धवट वाटतं.

फरक लळिंगवर उभं राहून सर्वात लवकर कळतो. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगत हा किल्ला आहे, आणि त्याच परिसरात लांडोर बंगला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा या बंगल्यात राहिले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात.

हेरिटेजचा विद्यार्थी इथे विचारतो: तट कुठे फुगलाय, टाक्यांत गाळ किती, पाणी कुठून मुरतंय? दगडांच्या सांध्यांतला जुना चुना खरवडून कुणी सिमेंट भरलंय का? सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाला पोपडे सुटतात. जागा कुणाच्या ताब्यात, वास्तू केंद्र संरक्षित, राज्य संरक्षित की असंरक्षित? केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने. हे सगळं मांडून जो दस्तऐवज तयार होतो तो व्यवस्थापन आराखडा. आधी ती जागा का महत्त्वाची ते, मग धोके, मग धोरण, मग कामांचा क्रम आणि खर्च. अनेक हेरिटेज कोर्समध्ये असा आराखडा हीच मोठी परीक्षा असते.

पब्लिक हिस्टरीचा विद्यार्थी त्याच जागी वेगळं विचारतो. ३१ जुलैला येणारी माणसं नेमकं काय सांगतात, आणि कुणाकडून ऐकलेलं? किल्ल्यावर येणारा ट्रेकर आणि बंगल्यावर येणारा आंबेडकरी कार्यकर्ता यांच्या डोक्यातलं लळिंग एकच आहे का? उद्या फलक लावायचा ठरला तर त्यावरचे पन्नास-साठ शब्द कुणी लिहायचे, आणि वाद झाला तर कुणाचं ऐकायचं? तट पडका असला तरी त्याचं काम अडत नाही.

हेरिटेजला अमूर्त वारसा, म्हणजे गाणी, सण, परंपरा, कळत नाही, असा याचा अर्थ नाही. युनेस्कोचा २००३ चा करार खान्देशातल्या कानबाईच्या सणातल्या गाण्यांसारख्या गोष्टींसाठीच आहे, आणि चांगल्या कोर्समध्ये तो नीट शिकवतात. पण तिथेही प्रश्न ‘टिकवायचं कसं, यादीत आणायचं कसं’ असाच येतो. आमच्या मते खान्देशातल्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावं. १९३६ चं फैजपूर काँग्रेस अधिवेशन घ्या. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साहित्याने ते नगर सजवलं. बांबूचं नगर ते. आज त्याचा तट नाही की कमान नाही. आराखडा कशाचा करणार? उरलेत ते घराघरांतले फोटो, पावत्या, आणि ‘आमना आजा तठे व्हता’ म्हणणारी माणसं. आपल्याकडची बरीच सामग्री अशी तोंडी किंवा बासनात बांधलेली आहे. ती पब्लिक हिस्टरीच्या अंगाने जास्त बोलते.

पब्लिक हिस्टरीचा जन्मही दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत १९७६ मध्ये रॉबर्ट केली यांनी अभ्यासक्रम काढला तो प्राध्यापकीच्या जागा आटल्या म्हणून. इतिहासकाराला सरकारी खात्यात, कंपनीत, संग्रहालयात काम मिळावं हा हेतू. इंग्लंडमध्ये मुळं आहेत ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातल्या राफाएल सॅम्युएल यांच्या हिस्टरी वर्कशॉपमध्ये: कामगारांनी आपला इतिहास आपण लिहायचा. त्याची सावली अजून आहे. अमेरिकी कोर्स बहुधा दोन वर्षांचे आणि नोकरीकडे तोंड करून. ब्रिटिश कोर्स एका वर्षाचे, १८० क्रेडिटचे, त्यातले साधारण ६० प्रबंधाचे.

मुलाखती: सगळ्यात जास्त अडचणी इथे

पब्लिक हिस्टरीत मौखिक इतिहास टळत नाही, आणि परदेशी विद्यार्थ्याचं वेळापत्रक इथेच कोलमडतं. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही मुलाखत घेता येत नाही. घेतली तर ती प्रबंधात वापरता येत नाही. समितीला माहितीपत्रक आणि संमतीपत्र दोन्ही हवं, इंग्रजीत आणि बोलणाऱ्याला कळेल अशा मराठीतही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडी संमती रेकॉर्ड करण्याची पद्धत अर्जातच लिहा, नाहीतर अर्ज परत येतो. ब्रिटिश कायद्यात बोललेल्या शब्दांचा स्वामित्वहक्क बोलणाऱ्याचा असतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. म्हणून मुलाखत दप्तरखान्यात ठेवायची तर हक्कांची सही वेगळी घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये प्रबंधाचे महिने जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पेरणी, निंदणी, कोळपणी. माणूस दिवसा घरी सापडत नाही. मार्च-एप्रिलमधली ईस्टरची सुट्टी बरी, पण मग मंजुरीचा अर्ज फेब्रुवारीआधी गेला पाहिजे. जून ते ऑगस्टमध्येच यायचं असेल तर श्रावणातल्या कानबाईच्या आसपास या. रोट खायला सगळी भाऊबंदकी गावी असते आणि म्हातारी माणसं गप्पांना मोकळी असतात. विद्यार्थी व्हिसावर असताना असं येण्याला विद्यापीठाची लेखी परवानगी लागते. न सांगता आलात तर गैरहजेरी कळवली जाऊ शकते.

एका तासाच्या ध्वनिफितीचं लिप्यंतर करायला सरावलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. अहिराणीतलं बोलणं आधी जसंच्या तसं उतरवायचं आणि मग इंग्रजी करायचं, म्हणजे वेळ जवळपास दुप्पट. सहा ते आठ मुलाखती भरपूर झाल्या. वीस ठरवणाऱ्याच्या अर्ध्या मुलाखती ऐकायच्याच राहतात. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज आवाज दाबून टाकतो, तो जतनाच्या कामाचा नाही. आणि पंखा बंद करायला सांगा. मे महिन्यात हे जड जातं, पण पंख्याखाली केलेलं रेकॉर्डिंग उतरवून घेणं त्याहून जड.

माहितीपत्रक कसं वाचावं

कोर्सच्या नावावर जाऊ नका. सक्तीचे विषय कोणते ते पाहा: ‘मेमरी’, ‘ओरल हिस्टरी’, ‘ऑडियन्स’ असे शब्द असतील तर ती पब्लिक हिस्टरी; ‘कन्झर्वेशन’, ‘पॉलिसी’, ‘साइट मॅनेजमेंट’ असतील तर हेरिटेज, वरची पाटी काहीही असो. प्रबंधाऐवजी प्रकल्प चालतो का तेही पाहा. ‘हेरिटेज कन्झर्वेशन’ नावाच्या काही कोर्सना वास्तुशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. इतिहासाचा विद्यार्थी तिथे अर्जाची फी वाया घालवतो.

इंटर्नशिपचं बारकाईने बघा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येतं. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा गुणांकित भाग असेल तर ती या २० तासांत धरत नाहीत. स्वतः शोधलेलं संग्रहालयातलं काम मात्र बिनपगारी असलं तरी त्यात मोजलं जाऊ शकतं. एम.ए.चा तिकडचा उन्हाळा (जून ते ऑगस्ट) ही सुट्टी नसते, प्रबंधाचं सत्र असतं, त्यामुळे मर्यादा तेव्हाही लागू.

निवेदनात ‘खान्देशाला समृद्ध वारसा लाभला आहे’ हे वाक्य कुणीही लिहितं. त्याऐवजी एक जागा आणि एक प्रश्न द्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेतल्या मोडी कागदांची सूची सामान्य वाचकासाठी कशी खुली करता येईल, हा पब्लिक हिस्टरीचा प्रश्न झाला. पाटणादेवीला येणाऱ्या यात्रेकरूंची गर्दी आणि मंदिराची जपणूक यांचा मेळ कसा घालायचा, हा हेरिटेजचा. मोडी वाचता येत असेल तर दोन्हीकडे ठळक लिहा.

पैशांचं

ब्रिटनमध्ये अशा कोर्सची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी साधारण २० ते ३० हजार पौंड. शिवाय व्हिसासाठी फीचा उरलेला भाग आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसला पाहिजे. मधे एक दिवसही शिल्लक खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेतीचं मूल्यांकन, सोनं, शेअर यांतलं काही धरत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीवर विसंबू नका, कारण संस्था बँक नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. कापूस-केळीचे पैसे हंगामावर येतात, तेव्हा ते वेळेत बँकेच्या खात्यात वळवा. पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा.

स्वस्त वाट हेरिटेजला जर्मनीत आहे. कॉटबुसच्या सरकारी विद्यापीठात वर्ल्ड हेरिटेज स्टडीज इंग्रजीतून शिकवतात. तिथे शिकवणी शुल्क नाही, सत्रशुल्क आहे. त्यासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) आणि राहण्याच्या खर्चाचं ब्लॉक्ड अकाउंट (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) लागतं. पब्लिक हिस्टरीला युरोपात ‘हिस्टरी इन द पब्लिक स्फीअर’ हा दोन वर्षांचा इरास्मस मुंडस (युरोपीय संघाच्या मदतीने अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेला) कोर्स आहे: व्हिएन्ना, फ्लोरेन्स, लिस्बन आणि टोकियो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो.

शिष्यवृत्तीत एक खड्डा ठाऊक असावा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या (मुख्यतः अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या) २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे समाजशास्त्रीय संशोधनविषय वगळले गेले. खान्देशातल्या भिल्लांवर किंवा लळिंगवर काम करणार असं लिहिणारा इथेच अडकतो. अर्ज करताना त्या वर्षीची नियमावली शब्दन् शब्द वाचा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची योजना वेगळी आहे, ती गल्लत करू नका.

परतून प्राध्यापक व्हायचं असेल तर आधी इथून एम.ए. इतिहास करून मगच बाहेर जाणं शहाणपणाचं. प्राध्यापकीच्या ‘नेट’ पात्रता परीक्षेत इतिहास, पुरातत्त्व आणि म्युझिऑलॉजी हे विषय वेगवेगळे आहेत, पब्लिक हिस्टरी नावाचा विषयच नाही. छाननी समितीपुढे ‘संबंधित विषय’ सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा गुणपत्रकासोबत प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी तिथे असतानाच मागून घ्या.