50 वॉट × 4 आणि दाराचा पत्रा

कार डेकोरच्या दुकानात मांडलेल्या बहुतेक डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमच्या, खोक्यावर एकच आकडा असतो: 50 वॉट × 4. सहा हजारांच्या खोक्यावर तो असतो आणि चाळीस हजारांच्याही. कारण तो आकडा ठरवते गाडीची बॅटरी. इंजिन चालू असताना डेकला साधारण 14.4 व्होल्ट मिळतात आणि स्पीकर असतो 4 ओहमचा. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागलं की जवळजवळ 52 वॉट येतात. पण एवढी ताकद मिळायची तर स्पीकरला अखंड पूर्ण व्होल्टेज द्यावं लागेल. मग गाणं उरत नाही, नुसती चौकोनी लहर, कानाला घरघर. स्वच्छ लहरीसाठी याच्या निम्मे, 26 वॉट, आणि चिपमधला तोटा वजा करता 18 ते 22. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर कुठलाही डेक, कितीही महाग असला तरी, याच्या पुढे जात नाही.

मग वरचे पैसे जातात कुठे? मुख्यतः स्क्रीन, नकाशा, वायरलेस जोडणी आणि मागच्या कॅमेऱ्यात. आवाजाच्या हिशेबाने कामाच्या गोष्टी तीनच: टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवणारं सेटिंग), दहा-बारा बँडचा इक्वलायझर (सुरांच्या प्रत्येक पट्ट्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारा) आणि अ‍ॅम्पसाठी 4 व्होल्टचे प्रीआउट, म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणाऱ्या डेकमागच्या जोडण्या. त्या असतील तर पैसे द्यावेत. ‘हाय-रेस’च्या, म्हणजे सीडीपेक्षा बारीक ध्वनीचा दावा करणाऱ्या, सोनेरी स्टिकरसाठी मात्र एक रुपयाही नको. ताशी 80 किलोमीटरला काँक्रीटच्या रस्त्यावर साध्या हॅचबॅकमध्ये टायर आणि वाऱ्याचाच आवाज 70 डेसिबलच्या आसपास असतो. गाणं 90 डेसिबलवर लावलं तरी सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातल्या अंतरासाठी हाताशी उरतात जेमतेम 20 डेसिबल. साध्या सीडीच्या 16 बिटांत असं 96 डेसिबलचं अंतर मावतं, म्हणजे तिथेच गरजेपेक्षा कितीतरी जास्त झालं.

अ‍ॅम्प्लिफायरचीही गत तीच. अमेरिकेत कार-ऑडिओतले जाणकार रिचर्ड क्लार्क यांनी 10,000 डॉलरचं आव्हान ठेवलं होतं: दोन अ‍ॅम्पची पातळी आणि टोन सारखे करून, कुठलाही न फाटवता, न बघता ओळखून दाखवा. अट 24 पैकी 24 उत्तरांची होती. बक्षीस कोणालाच नेता आलं नाही. अट अवघड होती हे खरंच, पण ‘जमीन-अस्मानाचा फरक’ सांगणाऱ्यांना ती जड जायला नको होती.

खरा फरक दाराच्या पॅनलमागे आहे. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागच्या बाजूने हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला तळहाताएवढी भोकं असतात, त्यांवर नुसतं प्लॅस्टिक डकवलेलं असतं. 80 हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाचार मीटर. तिच्यापुढे दाराची जाडी ती काय! पुढची आणि मागची लहर भोकांतून एकमेकींना गाठतात आणि बेस तिथल्या तिथे विरतो. त्यात बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच वाजतो. अशा दारात पंधरा हजारांचा स्पीकर बसवला तरी तो पत्र्याच्या डब्यातूनच बोलणार.

उपाय स्वस्त आहे, पण वेळ खातो. पॅनल काढा, पत्रा थिनरने पुसा. बाहेरच्या पत्र्याला आतून 2 मिलिमीटरची ब्यूटाइल (रबरी, चिकट) शीट लावा. तिसरा हिस्सा झाकला तरी कंप बसतो, सगळीकडे थापायची गरज नाही. रोलर इतका दाबून फिरवा की शीटवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. आतल्या पत्र्याची भोकं मात्र एकूणएक बंद. डांबरी शीट घेऊ नका, मे महिन्यात ती पाघळते आणि गाडीभर वास सुटतो. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक छिद्रं असतात, ती बुजली तर पहिल्याच पावसाळ्यात दारात पाणी साचेल आणि गंज धरेल. स्पीकरखालची रिंग एमडीएफची असेल तर फुगते, प्लॅस्टिकची घ्या. आणि स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा, मॅग्नेटला लागते का ते.

यानंतर टाइम अलाइनमेंट. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. समजा उजवा स्पीकर त्याच्या कानापासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि डावा 140 वर. ध्वनी एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या फरकाने मेंदू सगळं गाणं उजव्या दारात नेऊन ठेवतो. जवळच्या स्पीकरला 1.5 मिलिसेकंद उशीर लावला की गायिका डॅशबोर्डच्या मधोमध येते. शेजारी बसणाऱ्याचं मात्र बिघडतं, ते मान्य करूनच हे सेटिंग ठेवायचं.

बेसला वेगळा न्याय. रस्त्याचा गोंगाट बहुतांशी खालच्या सुरांचा, त्यामुळे चालत्या गाडीत आधी झाकला जातो तो बेस. सीटखालचा छोटा सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) इथे खरंच उपयोगी: तो 80 हर्ट्झच्या खाली चालवा आणि दारातले स्पीकर तिथून वर. त्यांच्यावरचा भार हलका होतो आणि आवाज फाटेनासा होतो.

वेगळा अ‍ॅम्प घेणार असाल तर वायरीत काटकसर करू नका. 75 वॉटची चार चॅनल, 80 टक्के कार्यक्षमता धरली तर 13.8 व्होल्टला 27 अँपिअर लागतात. फ्यूज 30 अँपिअरचा, बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत. तो अ‍ॅम्पला नाही, वायरीला वाचवण्यासाठी असतो. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, ते तेवढ्याच जाडीत जेमतेम दोन तृतीयांश वाहतं. एक तार ब्लेडने खरवडा: आत चांदीसारखं चमकलं तर वायर परत करा. अर्थिंगच्या जागी रंग घासून पत्रा उघडा करा, नाहीतर रेस दिली की चढत जाणारी शिट्टी ऐकू येईल. कंपनीच्या वायरी कापू देऊ नका, तयार प्लगच्या कपलरनेच जोडायला सांगा. वॉरंटीचा वाद टळतो.

एकूण तीस हजार असतील तर दोन्ही पुढच्या दारांचं डॅम्पिंग (वर सांगितलेलं शीट लावणं), ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) वेगळे असलेला एक मध्यम कंपोनंट सेट आणि अलाइनमेंट असलेला डेक, एवढ्यात ते संपवावेत. मागच्या पार्सल ट्रेवरचे लंबगोल स्पीकर राहू द्या, मागे फारसं कोणी बसत नसेल तर मुळीच घेऊ नका.

सगळं बसल्यावरही बेस पातळ वाटला तर महाग काही आणण्याआधी दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. स्पीकरची वायर डेककडून सोडवा आणि सेलचं अधिक टोक अधिक वायरीला, उणे टोक उणे वायरीला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर. एका दारात बाहेर आणि दुसऱ्यात आत गेला, तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खाताहेत. कोन आत गेला त्या दारातल्या दोन वायरी अदलाबदल करा.