मीटिंगमधला चॅट म्हणजे टीमचं चॅनल नव्हे

झूम किंवा गूगल मीट कसं वापरायचं हे आता कोणाला शिकवावं लागत नाही. लिंक येते, आपण आत जातो, माइक बंद ठेवतो, कोणीतरी स्क्रीन दाखवतं आणि तासाभरात सगळे बाहेर पडतात. मोफत खात्यावर झूमची मीटिंग ४० मिनिटांत संपते आणि मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटांत, हेही बहुतेकांना पाठ आहे. तो भाग इथेच सोडू.

घोळ पुढे होतो. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल चॅट ही टीमच्या संवादाची सॉफ्टवेअरं. झूम, मीट ही मीटिंगची. पण आज प्रत्येकाने दुसऱ्याचं थोडं थोडं उचललंय. झूममध्ये टीम चॅट आहे, स्लॅकमध्ये २०२१ पासून हडल (चॅटमधूनच सुरू होणारा झटपट कॉल) आहे आणि टीम्समध्ये तर २०१७ साली आल्यापासून दोन्ही एकाच खिडकीत आहे. त्यामुळे ‘मीटमध्ये चॅट आहेच की, वेगळं चॅनल (एका विषयावर टीमने लिहिण्याची सामायिक जागा) कशाला?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मग तुलना सुरू होते ती भलत्याच गोष्टींची: एका वेळी किती चेहरे दिसतात, पार्श्वभूमी धूसर होते का, इमोजी किती. यावर वेळ घालवू नका. रोजच्या आठ-दहा माणसांच्या मीटिंगला यातलं कोणतंही चालतं.

खरा फरक एकच आहे. चॅनल विषयाचं असतं आणि मीटिंगमधला चॅट त्या बैठकीचा. चॅनलमध्ये लिहिलेलं त्या विषयावर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी असतं: आज रजेवर असलेल्यांसाठी आणि पुढच्या महिन्यात टीममध्ये येणाऱ्यांसाठीसुद्धा. मीटिंगच्या चॅटमध्ये लिहिलेलं त्या वेळी आत असलेल्या किंवा फार तर निमंत्रण असलेल्या माणसांसाठी असतं. दोन्हीकडे खाली तोच लांबट चौकोन, तोच पाठवण्याचा बाण. म्हणून हात आपोआप समोर असेल त्या चौकोनात टाइप करतो.

उदाहरण घ्या. मीटिंग चालू आहे, विषय आहे जुना अर्ज बंद करून नवा सुरू करण्याचा. चॅटमध्ये क्रमाने हे मेसेज येतात: ‘आवाज तुटतोय’, ‘आता ठीक’, ‘लिंक पुन्हा टाका ना’, ‘जुना फॉर्म ३० तारखेपर्यंत चालू ठेवू’, ‘ओके’, ‘+१’, ‘मला दुसरी मीटिंग आहे, निघते’. यातला चौथा मेसेज हा निर्णय आहे. तो कोणी घेतला, का घेतला, कोणाला कळवायचा, काहीच त्यात नाही, कारण तेवढं सगळं तोंडी झालं. तीन आठवड्यांनी रजेवरून आलेला माणूस विचारतो, ‘जुना फॉर्म कधीपर्यंत?’ त्याने चॅनलमध्ये शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि मीटिंगला हजर असलेल्यांना आठवतं ते दोन वेगवेगळ्या तारखांचं.

तो मेसेज पुढे जातो कुठे, हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं आहे आणि तेच बहुतेकांना माहीत नसतं.

गूगल मीटमध्ये कॉलमधले मेसेज मुळात कॉल संपला की संपले. संस्थेने टिकणारा चॅट सुरू केला असेल तर गोष्ट वेगळी. रेकॉर्डिंग चालू असेल तर त्या दरम्यानचे मेसेज वेगळ्या फाइलमध्ये आयोजकाच्या गूगल ड्राइव्हमध्ये जातात. रेकॉर्डिंग सुरू होण्यापूर्वीचे नाहीत. म्हणजे पाचव्या मिनिटाला कोणाला रेकॉर्डिंगची आठवण झाली, तर पहिल्या पाच मिनिटांतलं लिखाण गेलं.

झूममध्ये आधीचे मेसेज दाखवण्याचं सेटिंग चालू नसेल तर उशिरा आलेल्याला ते दिसत नाहीत. अशा वेळी दहाव्या मिनिटाला शिरलेला माणूस ‘लिंक पुन्हा टाका’ म्हणतो तेव्हा तो आळशी नसतो, त्याच्यासमोर चौकोन खरोखरच कोरा असतो. चॅट सेव्ह केला तर तो ज्याने सेव्ह केला त्याच्या संगणकावर, डॉक्युमेंट्समधल्या झूमच्या फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइलच्या रूपात उतरतो. टीमला तो आपोआप मिळत नाही. आणि ती फाइल डोळे मिटून कोणाला पाठवू नका: सेव्ह करणाऱ्याने मीटिंगमध्ये कोणाला खाजगीत लिहिलेलं आणि त्याला खाजगीत आलेलं, तेही त्यात असतं.

टीम्समध्ये चॅट टिकतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो इथेच. साधी मीटिंग ठेवली की तिचा चॅट डावीकडच्या चॅटच्या यादीत मीटिंगच्या नावाने बसतो, ग्रुप चॅटच्या शेजारी, टीमच्या चॅनलपासून पूर्ण वेगळा. दर सोमवारची मीटिंग असेल तर सगळ्या सोमवारांचा मजकूर त्याच एका चॅटमध्ये साचत जातो. निमंत्रण नसलेल्या सहकाऱ्याला यातलं काही दिसत नाही, मग तो त्याच टीमचा आणि त्याच चॅनलचा असला तरी. रेकॉर्डिंगही एका व्यक्तीच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात) जातं. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि खातं काढलं, तर संस्थेने मुदत वाढवलेली नसल्यास तिथला साठा ३० दिवसच राहतो. शिवाय रेकॉर्डिंगला स्वतःची मुदतही असते. मूळ सेटिंगप्रमाणे १२० दिवस.

यावर टीम्समध्येच तोडगा आहे, चॅनल मीटिंग. मीटिंग ठरवताना माणसांच्या नावांखालच्या रकान्यात चॅनल निवडायचं. मग मीटिंगची नोंद आणि चॅट चॅनलमध्ये येतात आणि रेकॉर्डिंग चॅनलच्या फाइल्समध्ये पडतं, कोणा एकाच्या खात्यात नाही. टीमचं अंतर्गत काम असेल तर आमच्या मते मीटिंग अशीच ठेवावी. मात्र तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, निमंत्रण गेल्यावर चॅनल जोडता किंवा बदलता येत नाही. विसरलात तर नवं निमंत्रण पाठवावं लागतं. दुसरं, चॅनल निवडलं म्हणजे प्रत्येकाच्या कॅलेंडरवर मीटिंग उमटेलच असं नाही. ज्यांनी यायलाच हवं त्यांची नावं वेगळी टाका, नाहीतर अकरा वाजता दोघंच हजर असतात. तिसरं, टीमच्या बाहेरचा पाहुणा मीटिंगमध्ये येऊ शकतो, पण चॅनलमधला चॅट त्याला दिसत नाही. पाहुणे असतील तर साधी मीटिंग ठेवा आणि निर्णय नंतर चॅनलमध्ये लिहा.

स्लॅकच्या हडलचा एक मोठा गुण इथेच आहे: हडलमध्ये लिहिलेलं, त्यात टाकलेल्या लिंका, सगळं ज्या चॅनलमध्ये हडल सुरू केलं तिथल्या थ्रेडमध्ये (एका मेसेजखालच्या उत्तरांच्या मालिकेत) राहतं. छोट्या, आत्ता-बोलू अशा गोष्टींना ते झूमपेक्षा बरं. मोफत प्लॅनवर मात्र हडल दोघांपुरतंच, आणि तिथे चॅनलचीही आठवण अपुरी आहे. फक्त शेवटच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात आणि वर्षापेक्षा जुने कायमचे पुसले जातात. मोफत स्लॅकवर निर्णयांची नोंद ठेवत असाल तर ती दर महिन्याला एका कागदपत्रात उतरवून घ्या.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, शिस्त एकच पुरते. मीटिंगच्या आदल्या दिवशी चॅनलमध्ये एक पोस्ट: विषय, ठरवायचे दोन-तीन प्रश्न, लिंक. मीटिंगमधल्या चॅटमध्ये फक्त त्या क्षणापुरतं: आवाज, लिंक, हात वर. संपल्यावर दहा मिनिटांच्या आत त्याच पोस्टखालच्या थ्रेडमध्ये निर्णय, पूर्ण वाक्यात: ‘जुना अर्ज ३० तारखेपर्यंत चालू राहील, कारण नव्या अर्जाची छपाई तोवर पूर्ण होणार नाही. शाखांना कळवण्याचं काम अमुककडे, २५ तारखेपर्यंत.’ निर्णय, कारण, नाव, तारीख. ‘बघून घेऊ’ किंवा ‘टीम करेल’ असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही. हे कोण लिहिणार ते मीटिंगच्या सुरुवातीलाच ठरवा. शेवटी विचारलं तर सगळे लाल बटण दाबत असतात.

‘रेकॉर्डिंग आहे ना, मग लिहायचं कशाला’ हे उत्तर आम्हाला अजिबात मान्य नाही. एका वाक्यासाठी ५० मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला कोणीही बसत नाही. बोलण्यावरून आपोआप तयार होणारा मजकूर शोधायला उपयोगी पडतो, पण त्यात नावं आणि आकडे अनेकदा चुकतात आणि ‘३० की १३?’ हा वाद तसाच राहतो.

याच कारणाने मीटिंग व्यवस्थापनाची म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअरची तिसरी जातही व्हिडिओ कॉलपासून वेगळी धरा. तिचं काम अजेंडा, इतिवृत्त आणि कामांचा पाठपुरावा हे आहे. चेहरे दाखवणं नाही. आठवड्यात दोन-तीन मीटिंगा असतील तर वर सांगितलेला थ्रेड भागवतो. एकाच कामाचे धागे पाच-सहा वेगवेगळ्या बैठकांत फिरत असतील, तेव्हा ते वेगळं सॉफ्टवेअर घ्या. घेताना आधी एवढंच तपासा की त्यातली कामांची यादी तुमच्या चॅनलमध्ये आपोआप येते का. येत नसेल तर निर्णय शोधायला तुमच्याकडे आणखी एक जागा वाढेल.