अंगणातलं सुणें आत कसं आलं

निवारा केंद्रातून कुत्रं दत्तक घ्यायचं तर आधी फॉर्म भरावा लागतो. घर स्वतःचं की भाड्याचं, कुंपण आहे का, पूर्वी कुत्रं पाळलं होतं का. आम्ही फोंड्याहून गेलो होतो तेव्हा आईने सगळी उत्तरं भराभर सांगितली आणि एका प्रश्नापाशी अडली : ‘कुत्रं रात्री कुठे झोपेल?’ तिच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. ‘‘खंय म्हणजे? भायर!’’ कुणीतरी ‘घरात’ म्हटलं तर ती हसायलाच लागली. ‘‘सुणें आनी घरांत?’’ शेवटी ‘सोप्यावर’ असं लिहून आम्ही वेळ मारून नेली.

ते हसू काही तिच्या एकटीचं नव्हतं. गोव्यातल्या गावाचं कुत्र्यावाचून कधीच चाललं नाही. सुपारी-नारळाच्या कुळागराची राखण, काजूच्या बागेतला मांगर म्हणजे खोपटं, रात्री शेतात उतरणारी रानडुकरं, सत्तरीकडची शिकार, सगळीकडे ते लागायचं. त्याला पेज मिळे, उरलेलं शीत-हुमण मिळे, व्यालेल्या कुत्रीखाली कुणीतरी गोणपाट टाके. बऱ्याच कुत्र्यांना नावंही असत. उंबरठ्याच्या आत मात्र पाऊल नाही. मुसळधार पाऊस लागला तर फार तर गोठा.

‘दत्तक’ हा शब्द कुत्र्याच्या वाट्याला अगदी अलीकडे आला. त्याआधीचा शब्द पोसण्याचा. जुन्या गोव्यात, विशेषतः ख्रिस्ती भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या घरांत, ‘पोसकें’ असे. अनाथ किंवा गरिबाघरचं मूल आणून वाढवायचं. ते घरचंच अन्न खाई, घरचीच कामं करी, पण इस्टेटीत त्याला वाटा नसे. कुत्र्याची जागा त्याच्याही एक पायरी खाली, पण तऱ्हा तीच : अन्नावर हक्क, घरावर नाही.

हिंदू घरांतला हिशेबही काही निराळा नव्हता. श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचा घास वेगळा काढायचा. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट मुलांना सांगायची. साखळी गावच्या दत्तवाडीला जाऊन चार श्वानांसह उभ्या दत्तगुरूंपुढे हात जोडायचे, आणि घरी येऊन पायरीवर बसलेल्या कुत्र्याला ‘हाड्’ म्हणायचं. दत्त आणि दत्तक हे दोन्ही शब्द एकाच ‘देण्या’तून आले, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नसावं.

याला सोवळं-ओवळं म्हणून मोकळं होता येतं. माझ्या मते सोवळ्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते म्हणजे भीती. पिसाळलेलं कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, ही माहिती आमच्या पिढीला पाढ्यांच्या आधी मिळाली. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीत १९११ च्या सुमारास तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून. दुखायची, आणि क्वचित मज्जासंस्थेवर उलटायचीही. भारतात ती २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होती. एकदा लक्षणं दिसू लागली की रेबीजवर उपाय जवळजवळ नाहीच, आणि विषाणू असतो लाळेत. चाटण्यातूनच जिव्हाळा दाखवणाऱ्या प्राण्याला मग कोण मांडीवर घेणार?

भीतीवरचा सरकारी उपाय जुनाच होता : मारून टाका. मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारण्यासाठी डोक्यामागे बक्षीस लावलं आणि १८३२ च्या जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले. दंगल झाली, पण विचार बदलला नाही. देशातल्या नगरपालिका पुढे दीडशेहून अधिक वर्षं तेच करत राहिल्या. २००१ मध्ये केंद्राने श्वानांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम आणले : पकडा, निर्बीजीकरण करा, लस टोचा, जिथून उचललं तिथेच सोडा. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडायची, म्हणजे पुन्हा पकडायला नको.

यावरून देशभर जो खटला गाजला त्याची नाळ गोव्यातच पुरलेली आहे, हे इथल्याही पुष्कळांना माहीत नसतं. ‘पीपल फॉर एलिमिनेशन ऑफ स्ट्रे ट्रबल्स’ ही गोव्यातली संस्था, आणि समोर गोवा राज्य. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपद्रवी कुत्री मारण्याचा पालिकांचा अधिकार मान्य केला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. प्रकरण मे २०२४ पर्यंत रेंगाळलं. दरम्यान २०२३ चे नवे नियम आले आणि कागदावर तरी ‘भटकं’ जाऊन ‘सामुदायिक प्राणी’ आला.

निवारा केंद्रं त्याआधीच सुरू झाली होती. आसगावात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यूचं केंद्र उभं राहिलं, दक्षिणेत कुडचडे इथे गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट. यात परदेशी माणसांचा हात मोठा होता, हे मान्य करायला हवं. पण त्यामागे किनाऱ्याचं एक वेगळं गणितही आहे. ऑक्टोबरात शॅक उभे राहतात, पर्यटक येतात, कुत्र्यांना मासळी-चिकनची चंगळ. मेअखेरीस शॅक मोडले की तीच कुत्री ओस किनाऱ्यावर पावसात उभी. हंगामात लाडावलेलं एखादं पिल्लू कुणी विमानाने युरोपात नेतं, बाकीच्यांची रवानगी निवाऱ्यात किंवा देवाच्या भरवशावर. मार्च २०२०च्या टाळेबंदीत हाच जून तीन महिने आधी आला. तेव्हा रोज भात शिजवून किनाऱ्यावर नेणारी माणसं गोव्यातलीच होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी जाताना पातेलं आणि येताना पिल्लू आणलं.

तरीही, अंगणातलं कुत्रं आत आलं याचं श्रेय मी दयेला देणार नाही. दया आधीही होती, श्राद्धाच्या पानावर होती. श्रेय द्यायचं तर २०१४ पासून मोठं जाळं आणि शीतपेटी घेऊन गल्लोगल्ली हिंडणाऱ्या लसवाल्यांना द्यावं लागेल. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांची ही मोहीम. मालकाला कुत्रं धरता येत असेल तर तो धरे, नाहीतर जाळं टाकत. लस टोचली की अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे तेच कुत्रं दुसऱ्यांदा पकडलं जात नाही. प्रत्येक नोंद जागेसकट मोबाइलवर. उद्दिष्ट सत्तर टक्क्यांचं, कारण तेवढी कुत्री सुरक्षित झाली की विषाणूला पुढे जायला वाट उरत नाही. २०१३ ते २०१९ या काळावर नंतर शोधनिबंध निघाला, त्यात वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस आणि कुत्र्यांमधल्या रेबीजमध्ये ९२ टक्के घट नोंदली आहे. वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत शाळांतून माहिती पोचली ती वेगळीच. जून २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोवा देशातलं पहिलं रेबीजमुक्त राज्य असल्याचं जाहीर केलं. (‘मुक्त’ हा शब्द सैल आहे. माणसांचे मृत्यू थांबले होते, कुत्र्यांमधला विषाणू काही शून्यावर आला नव्हता. चावलं तर जखम साबणाने धुऊन दवाखाना गाठायचा, तो आजही.)

उरतो प्रश्न कुत्र्याच्या बाजूचा. रस्त्यावर वाढलेलं कुत्रं माणसाला लळा लावतं तो अन्नासाठीच, असं आपण धरून चालतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या २०१७च्या प्रयोगात अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा कुरवाळणं अधिक उपयोगी पडलं. याच गटाच्या दुसऱ्या पाहणीत रस्त्यावर जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी जेमतेम एकच सात महिन्यांपर्यंत टिकलं, आणि बऱ्याच मृत्यूंमागे माणूसच होता. माणसाचा हात मारतोही आणि कुरवाळतोही, हे ओळखायला शिकलेलीच जगतात. म्हणून दत्तक आणलेलं कुत्रं पहिले काही दिवस पलंगाखाली नाहीतर कोपऱ्यात बसून फक्त हात बघत असतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं. आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच. कोपऱ्यातलं कुत्रं ज्या दिवशी हातावरून नजर उचलून तोंडाकडे बघतं, तो दिवस घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो.

आमच्याकडे तो दिवस अठरावा होता. कुत्र्याचं नाव उंडो, कारण रंग थेट पदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या उंड्याच्या, त्या गोल पावाच्या, पाठीसारखा. सकाळी पदेराचा पोंपों, म्हणजे भोंगा, वाजला की तो अजूनही फाटकापर्यंत धावतो, बहुधा निवाऱ्याआधीच्या आयुष्यातली सवय. सोप्यावर त्याला पोतं घातलं होतं. जूनच्या पहिल्या गडगडाटाला तो उठला, ओल्या पायांनी माजघर ओलांडून आईच्या खाटेखाली शिरला. तिने ‘हाड्’ म्हटलं. एकदाच.

दोन महिन्यांनी निवारा केंद्रातून चौकशीचा फोन आला. कुत्रं खातं का, लस दिली का, आणि रात्री कुठे झोपतं? फोन आईकडे होता. ‘‘सोप्यार,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, आवाज उतरवून : ‘‘पावस आसलो तर खाटीपोंदा.’’ ऑक्टोबर संपला, पाऊस गेला. तो तिथेच आहे.