हायस्कूलच्या रक्तदान शिबिरातून आपली मुलं परत का येतात? अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये रेड क्रॉसचं शिबिर लागलं की मी खाऊच्या टेबलावर बसते. रक्त देऊन आलेल्या मुलांना ज्यूस आणि बिस्किटं द्यायची, पंधरा मिनिटं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच माझं काम. पण कोपरावर पट्टी नसलेली, म्हणजे रक्त न देताच परत पाठवलेली मुलंही तिथूनच बाहेर जातात, आणि त्यांत आपली मुलं फार असतात. बहुतेक वेळा कारण असं असतं की घरी आधी दहा मिनिटं बसून नियम बघितले असते तर त्या मुलाची फेरी वाचली असती.

सगळ्यात मोठी अडचण भारतवारीची. रक्तदानासाठीच्या मलेरियाच्या नियमांत भारत जवळजवळ सगळाच येतो. मुंबई-पुण्यासारखी शहरंही त्यातून सुटत नाहीत. तिथून परत आल्यावर तीन महिने रक्त देता येत नाही. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, २०२० मध्ये ही मुदत बारा महिन्यांवरून तीनवर आणली, त्यामुळे जुन्या माहितीवर ‘वर्षभर चालत नाही’ म्हणून बसलेले पालकही भेटतात. मुदत परतल्याच्या तारखेपासून मोजायची, गेल्याच्या नव्हे. नाताळच्या सुट्टीत लग्नाला जाऊन ४ जानेवारीला परतलात, तर ४ एप्रिलपर्यंत थांबा. मार्चच्या शिबिरात नाव घालू नका. उन्हाळा आजोळी काढून ऑगस्टअखेर आलेल्या मुलाला ऑक्टोबरचं शिबिर मिळत नाही. डास चावला नाही, मलेरियाच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे सांगून मुदत कमी होत नाही.

याहून अवघड नियम भारतात वाढून इकडे आलेल्या मुलांचा आहे, आणि तो कोणी नीट समजावून सांगत नाही. मलेरिया असलेल्या देशात पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या माणसाला तो देश सोडल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. ही तीन वर्षं सलग व्हावी लागतात. मध्ये एकदा जरी भारतात जाऊन आलात, तरी परतल्यापासून पुन्हा तीन वर्षं.

गेल्या खेपेला अकरावीतली एक मुलगी अशीच परत आली. आठवीच्या सुरुवातीला नाशिकहून आलेली. तीन वर्षं झाली म्हणून बिचारी खुशीत होती. आईच्या सहीचं संमतीपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घडी न पाडता आणलं होतं. पण नववीनंतरच्या सुट्टीत आजीला भेटायला जाऊन आलेली. ‘काकू, मग आता कधी?’ तिने विचारलं. मी बोटांवर मोजलं. बारावी होऊन शाळा सुटल्यावरचा ऑगस्ट येत होता. मला तिला ते सांगताना फार वाईट वाटलं. निदान तिला आधी कळायला हवं होतं. नोंदणीच्या पत्रकावर ही एक ओळ ठळक छापायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

इथे जन्मलेल्या, किंवा इथे येऊन सलग तीन वर्षं काढलेल्या मुलांना मात्र भारतात जाऊन आल्यावर फक्त तीन महिन्यांचा नियम लागतो. व्हिसा कुठला, ग्रीन कार्ड आहे का, याचा रक्तदानाशी संबंध नाही.

वय: न्यू जर्सीत १७ पूर्ण असेल तर रेड क्रॉसला पालकांची सही लागत नाही. १६ वर्षांच्या मुलाला लागते, आणि प्रत्येक वेळी नवी लागते. मागच्या शिबिरातली चालत नाही. तास बुडवायला शाळा जी परवानगी मागते तो कागद वेगळा. त्यावर सही करून ‘झालं काम’ समजणारे पालक दरवेळी असतात. संमतीपत्र छापून, सही करून, आदल्या रात्रीच दप्तरात ठेवा. फोनमधला फोटो दाखवणाऱ्या मुलांना आमच्याकडे परत पाठवलेलं आहे.

ओळखपत्र म्हणून रेड क्रॉसचं रक्तदाता कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. सोळाव्या वर्षी यातलं बहुतेकांकडे काहीच नसतं, म्हणून दुसरी दोन ओळखपत्रं न्या. शाळेच्या कार्डावर हाकेचं नाव, पासपोर्टवर पूर्ण नाव आणि मध्ये वडिलांचं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी. नोंदणी, संमतीपत्र आणि ओळखपत्र, तिन्हीकडे नाव एकच लिहा.

रॅपिडपास ही ऑनलाइन प्रश्नावली शिबिराच्या दिवशीच भरायची असते. आदल्या रात्री हौसेने भरून ठेवली तर ती उपयोगाची नाही, रांगेत बसून पुन्हा भरावी लागते.

वजन किमान ११० पौंड, म्हणजे साधारण ५० किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १८ आणि त्याखालच्या मुलांसाठी उंचीप्रमाणे वेगळा तक्ता आहे, तो ठाऊक नसतो. पाच फूट उंचीच्या मुलीला १३८ पौंड लागतात. आपल्या मुली इथे अडतात आणि मग वजन वाढवून सांगतात. कृपा करून सांगू देऊ नका. लहान चणीच्या शरीरात रक्तच कमी असतं, त्यातून साधारण अर्धा लिटर काढलं की मुलगी खुर्चीतून उठताना कोसळते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. इतर रक्तपेढ्यांचे तक्ते थोडे वेगळे असू शकतात. मलेरियाचा नियम मात्र एफडीएचा आहे, रक्तपेढी बदलून तो टळत नाही.

उरलं हिमोग्लोबिन. मुलींना १२.५, मुलग्यांना १३ लागतं. बोटाला टोचून तिथेच बघतात. शिबिराच्या दिवशी चतुर्थी असली तरी उपास नको. सकाळी पोटभर खाऊन, भरपूर पाणी पिऊन पाठवा. शाकाहारी घरात दोन-तीन आठवडे आधीपासून मोडाची मटकी, हरभरे, पालेभाजी, वर लिंबू, असं चालू ठेवा. जेवणावर लगेच चहा देऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. रक्त दिल्यावर पुढचं दान ५६ दिवसांनी करता येतं, पण तेवढ्यात लोह भरून येईलच असं नाही. म्हणून या वयाच्या मुलांनी ६० दिवस रोज १८ मिलिग्रॅम लोह असलेली गोळी घ्यावी असं रेड क्रॉसच सांगते. डॉक्टरांना विचारून ती आधीच आणून ठेवा.