कमान नेमकी कुठून वळते? जिम्नॅस्ट मुलींच्या कंबरदुखीची पार्श्वभूमी

ठाण्यात, नौपाड्याला किंवा घोडबंदरकडे, संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सच्या एखाद्या वर्गात डोकावलं, तर आठ-दहा वर्षांच्या मुली ओळीने कमान टाकताना दिसतात. आया कौतुकाने मोबाइल वर धरतात. मीही धरायचे. माझ्या भाचीची कंबर बाराव्या वर्षी दुखायला लागली, तेव्हा "थोडं दुखणारच, अंग मोकळं होतंय" हे वाक्य घरात आणि वर्गात सगळ्यांनीच चार महिने खरं मानलं. त्या चार महिन्यांची बोच अजून आहे, म्हणून या दुखण्याचा मागचा इतिहास शोधत गेले.

अशा कंबरदुखीमागे असू शकणाऱ्या मणक्याच्या दोषाची पहिली नोंद मैदानावरची नाही, बाळंतपणाच्या खोलीतली आहे. १७८२ मध्ये हर्बिनियो या बेल्जियन प्रसूतितज्ज्ञाने, कण्याच्या तळाशी मणका पुढे सरकल्यामुळे बाळाची वाट अडते, असं लिहून ठेवलं. १८५४ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ किलियनने मणक्याच्या या सरकण्याला 'स्पाँडिलोलिस्थेसिस' हे नाव दिलं. हा दोष जन्मतःच असतो, असा समज पुढे बराच काळ टिकला. १९७५ मध्ये अमेरिकन अस्थितज्ज्ञ विल्ट्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं, की मुळात ही थकव्याने हाडात पडलेली चीर आहे आणि तिच्यामुळे मणका सरकू शकतो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हाडाचं होतं. ही जागा बहुतेक वेळा कमरेच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या मणक्याच्या मागच्या बाजूला असते. तिथे वरच्या आणि खालच्या सांध्याच्या मध्ये हाडाची एक अरुंद पट्टी आहे. मागे वाकलं की तिच्यावर दाब येतो, वाकून वळलं की आणखी येतो. कमान, वॉकओव्हर (कमानीतून एकेक पाय उलटवून उभं राहणं), फ्लिक (हातांवरून मागे उलटी उडी) या सगळ्यांत हेच तर घडतं.

१९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीने पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि सगळं जग त्या लवचिक अंगाकडे बघत राहिलं. त्याच वर्षी जॅक्सन, विल्ट्झे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी १०० जिम्नॅस्ट मुलींचे एक्स-रे तपासले होते. त्यातल्या ११ जणींच्या मणक्यात ही चीर होती. तुलनेला घेतलेलं सर्वसाधारण प्रमाण १०० मागे २-३ च्या आसपास होतं. खेळाच्या नियमांनी मात्र सावकाश पावलं टाकली: वरिष्ठ गटातल्या मुलींसाठी किमान वय १९८१ मध्ये १५ झालं आणि १९९७ मध्ये १६. पण वयाची अट स्पर्धेला असते, सरावाला नाही. मुली झपाट्याने उंच होतात ती वर्षं साधारण अकरा-बाराची, आणि सरावाचे तास वाढतात तीही नेमकी तीच.

१९९१ मध्ये एमआरआय वापरून केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात कण्यातले बिघाड वरच्या पातळीच्या एक पायरी खाली असलेल्या मुलींमध्ये ९ टक्के, वरच्या पातळीवर ४३ आणि ऑलिंपिक पातळीवर ६३ टक्के आढळले. मुली मोजक्याच होत्या, तरी आकड्यांचा चढ नजरेआड करता येत नाही.

तोवरचे उपाय म्हणजे विश्रांती आणि पट्टा. दोन्ही गरजेचे, पण दुखणं सुरू झाल्यावरचे. विचार बदलला तो नव्वदच्या दशकात. १९९२ मध्ये अमेरिकेतले संशोधक पंजाबी यांनी मांडलं, की कणा तिघांमुळे स्थिर राहतो: हाडं आणि अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. १९९६ मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांना ऑस्ट्रेलियात दिसलं, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला स्नायू आधीच सावरून बसतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. म्हणजे ताकद असूनही वेळ चुकू शकते. पुढच्याच वर्षी ओसुलिव्हन या तिथल्याच संशोधकाने मणक्यात चीर असलेल्या ४४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी दहा आठवडे या आतल्या स्नायूंचे व्यायाम केले, त्यांचं दुखणं कमी झालं आणि तो फरक ३० महिन्यांनंतरही टिकून होता.

मुलींवरचा प्रयोग स्वीडनमध्ये झाला. २००७ चा हा अभ्यास मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ११ ते १६ वर्षांच्या जिम्नॅस्ट मुलींनी बारा आठवडे रोज कंबरदुखीची नोंद ठेवली. पहिले चार आठवडे नुसती नोंद, पुढचे आठ आठवडे एका गटाला कमरेच्या स्नायूंवर ताबा आणणारे व्यायाम. या गटातल्या मुलींचे दुखण्याचे दिवस कमी झाले, काहींचं दुखणं पूर्ण थांबलं. अभ्यास लहान आहे. मोठ्यांवरच्या नंतरच्या चाचण्यांत हे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत, हेही सांगायला हवं. तरी माझं मत असं, की जिच्या खेळात हालचाल हेच सर्वस्व आहे, तिला हालचालीवरचा ताबा शिकवणं म्हणजे तो खेळच नीट शिकवणं आहे.

हा ताबा म्हणजे काय, ते कमानीतच बघावं. खांदे पुरेसे उघडत नसतील, मांडीचा पुढचा भाग आखडलेला असेल, तर मूल उरलेला सगळा वाक कमरेतून काढतं. कमान सुंदर दिसते आणि दोन मणके सगळ्यांचा भार वाहतात. म्हणून फिजिओ आधी साध्या गोष्टी बघतात: पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकता येतं का, बसून पाय सरळ करताना कंबर गोल होते का, पोटावर झोपून गुडघा दुमडताना कंबर आत जाते का. स्वित्झर्लंडमध्ये लुओमायोकी या फिजिओंनी २००८ मध्ये अशा सहा चाचण्यांचा संच मांडला. त्यांना फार साधनं लागत नाहीत.

ठाण्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. कमान आपल्याला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला, तेव्हापासून ती आपल्या व्यायामशाळांत आहे. एकच मुलगी सकाळी मल्लखांबाला, संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सला आणि शनिवारी नाचाच्या क्लासला जात असेल, तर तिन्ही ठिकाणच्या शिक्षकांना आपापलेच तास माहीत असतात. सगळ्या कमानींचा हिशेब घरातच करावा लागतो.

भाचीचा एक्स-रे स्वच्छ आला होता. सुरुवातीच्या टप्प्यात तो तसा येऊ शकतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. मागे वाकताना एकाच बाजूला दुखतं, हे तिने सांगितल्यावर डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, तेव्हा दुखण्याचं मूळ कळलं. तीन महिने कमान बंद, मग खांदे आणि खुब्यांपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता तिची मैत्रीण बाजूला बसून तिच्या कमानीचा फोटो काढते, आणि दोघी स्क्रीनवर बोट ठेवून वाक कुठे पडलाय ते शोधतात.