संग्रहालयातील प्रदर्शनरचना

संग्रहालयाच्या साठ्यातील वस्तू निवडून, त्यांच्यातला संबंध प्रेक्षकाला चालता चालता उमगेल अशा रीतीने त्या मांडण्याची विद्या. कथनाची आखणी, दालनातल्या वाटा, काचपेट्या, प्रकाशयोजना, फलकलेखन, वस्तूंचे संरक्षण आणि प्रेक्षकांच्या वावराचा अभ्यास हे सारे तिच्यात येते. पुस्तक बसून वाचतात. प्रदर्शन मात्र उभ्याने, चालत आणि बहुधा कुणाच्या तरी सोबतीने पाहिले जाते. या विद्येतले बहुतेक प्रश्न एवढ्या साध्या गोष्टीतून निघतात, आणि तिचाच विसर पडल्याने अनेक उत्तम संग्रह कंटाळवाणे झाले आहेत.

ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन 1683 मध्ये आणि पॅरिसचे लूव्र 1793 मध्ये लोकांसाठी खुले झाले, तरी मांडणी दीर्घकाळ जाणकारांच्या सोयीची राहिली. चित्रे चौकटीला चौकट भिडवून थेट छतापर्यंत टांगत. शंख-शिंपले, नाणी आणि हत्यारे वर्गवारीनुसार पेट्यांत ओळीने लावत. मेलेल्या प्राण्यांची कातडी भरून हुबेहूब नमुने घडवणाऱ्या कार्ल एकली याने 1890 मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकीच्या संग्रहालयासाठी मस्करॅट या पाणथळीतल्या प्राण्याचा देखावा त्याच्या घरट्यासह आणि भोवतालासह उभा केला. वस्तू तिच्या जगासकट दाखवण्याच्या पद्धतीला त्यातून मोठी चालना मिळाली.

प्रेक्षकाच्या शरीराकडे मात्र 1916 मध्ये नीट लक्ष गेले. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन याने चांगल्या नजरेच्या एका चाणाक्ष माणसाला पेट्यांतल्या वस्तूंविषयी साधे प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना त्याची छायाचित्रे घेतली. त्यांत तो माणूस कमरेत वाकलेला, उकिडवा बसलेला, मान तिरकी करून डोकावणारा दिसतो. या त्रासाला गिलमनने ‘संग्रहालयातील थकवा’ म्हटले आणि त्याचा दोष प्रेक्षकावर न टाकता मांडणीवर ठेवला. मला हा या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो, कारण इथून पुढे ‘लोकांना रस नाही’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

पुढे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन आणि त्याचा सहकारी आर्थर मेल्टन यांनी घड्याळ आणि वही घेऊन प्रेक्षकांच्या नकळत त्यांच्या वाटा नोंदवल्या. मेल्टनला 1935 च्या अभ्यासात दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. दालनात शिरलेले बहुतेक लोक उजवीकडे वळतात आणि बाहेरचे दार दिसू लागले की त्याच्याकडे ओढले जातात. दाराआधीच्या वस्तूंपुढे ते कमी थांबतात आणि दारापलीकडच्या भिंतीपर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाहीत. म्हणून महत्त्वाची वस्तू कुठे ठेवायची हे ठरवताना दार कुठून दिसते हे आधी पाहावे लागते. दालनाच्या मध्यावर बसायला बाक ठेवणेही रचनेचाच भाग आहे. जागा वाया जाते म्हणून तो काढणे ही मोठी चूक होय.

नियोजनाची सुरुवात एका वाक्याने होते: हे प्रदर्शन नेमके काय सांगते? ‘मातीची भांडी’ हा विषय झाला. ‘चाक आल्यावर कुंभाराच्या हाताची खूण भांड्यावरून कशी पुसट होत गेली’ हे सांगणे झाले. असे वाक्य हाती असले की कोणती वस्तू वगळायची हे कळते, आणि वगळणे हेच अभिरक्षकाला (संग्रहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या क्युरेटरला) सर्वांत जड जाणारे काम असते. अभिरक्षक, रचनाकार, संवर्धक, शिक्षणविभाग आणि सुतारकाम-वीजकाम करणारे कारागीर सुरुवातीपासून एकत्र बसले नाहीत, तर पेटी तयार झाल्यावर तिचे दार उघडायला जागाच नाही असे प्रसंग उद्भवतात.

सर्वांत अवघड तडजोड उजेडाची. कापड, कागद आणि जलरंग यांना प्रकाशाने होणारी इजा कधीच भरून येत नाही आणि ती साठत जाते. त्यामुळे अशा वस्तूंवर सुमारे 50 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांवर सुमारे 200 लक्सपर्यंत उजेड ठेवण्याचा प्रघात आहे. दगड आणि बहुतेक धातूंना ही काळजी लागत नाही. हिशेब उजेड आणि वेळ यांच्या गुणाकाराचा असतो. 50 लक्सखाली वर्षाला 3,000 तास ठेवलेल्या वस्त्रावर 1,50,000 लक्स-तास प्रकाश पडतो. उजेड दुप्पट केला तर तेवढीच मात्रा 1,500 तासांत पूर्ण होते. म्हणूनच नाजूक वस्त्रे काही महिन्यांनी उतरवून विसाव्याला ठेवतात. पण 50 लक्स म्हणजे उन्हातून आलेल्या माणसाला जवळजवळ अंधार. चांगला रचनाकार त्यावर उजेड वाढवत नाही. तो प्रवेशापासून दालनापर्यंत प्रकाश टप्प्याटप्प्याने उतरवत नेतो, भिंती गडद रंगवतो, काचेवर पडणारे प्रतिबिंब टाळतो. मंद उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना मग जरीचा धागाही दिसतो.

फलक हे दुसरे नाजूक प्रकरण. उभ्या माणसाला एका वस्तूपाशी 50 शब्दांहून फारसे वाचवत नाही. ‘मातीचे भांडे, उंची 22 सेंमी’ हे नोंदवहीतले वाक्य झाले. ‘तळाजवळ बोटांचे ठसे पाहा’ म्हटले की नजर फलकावरून वस्तूवर परत जाते. फलकाचे काम तेच आहे. त्याचे अक्षर मोठे, रंगभेद स्पष्ट आणि जागा वस्तूजवळ असावी. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 150 सेंमीवर ठेवतात; पण चाकाच्या खुर्चीतील प्रौढाची नजर साधारण 110 ते 120 सेंमीवर असते आणि खुर्ची वळायला सुमारे 1.5 मीटर मोकळी जागा लागते. ही मापे शेवटी जोडण्याऐवजी पहिल्या आराखड्यातच धरावीत.

आराखड्याची परीक्षा स्वस्तात होऊ शकते. पेट्यांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखतात, फलक साध्या कागदावर छापून टांगतात आणि चार अनोळखी माणसांना फिरू देतात. ती कुठे अडखळली, काय चुकीचे समजली, हे बांधकामाआधी कळते. 1969 मध्ये फ्रँक ओपनहायमरने सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयामध्ये तर कार्यशाळाच प्रेक्षकांच्या नजरेसमोर ठेवली गेली. हाताळायची उपकरणे तिथेच घडतात, तिथेच दुरुस्त होतात.

वाट स्वतःही बोलते. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची आठवण जपणाऱ्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात (1993) प्रेक्षक लिफ्टने वर जातो आणि कथन ऐकत मजल्यामजल्याने खाली उतरतो. शेवटी येते ती वस्तूंशिवायची, शांत बसायची स्मरणाची जागा. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाचे (2009) सर्वांत वरचे दालन टेकडीवरील पार्थेनॉन या प्राचीन मंदिराला समांतर वळवलेले आहे. तिथे मंदिराच्या मूळ शिल्पपट्टांच्या मधोमध, परदेशी असलेल्या पट्टांच्या पांढऱ्या प्रतिकृती बसवल्या आहेत. रंगातला फरक पाहूनच काय गेले ते समजते.

काय दाखवू नये हाही रचनेचाच प्रश्न आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने 2020 मध्ये 120 मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. दक्षिण अमेरिकेतील लहान केलेली डोकी, म्हणजे त्सान्त्सा, त्यांत होती आणि तीच तिथली सर्वांत प्रसिद्ध वस्तू होती. त्यांच्याकडे बघून प्रेक्षकांच्या मनात त्या समाजांविषयी समज वाढण्याऐवजी रानटीपणाची कल्पनाच पक्की होत होती, असे संग्रहालयाला आढळले होते.